तोंडी रिपोर्ट

“पुस्तकात लिहिलंय ना बाई सगळं? मग तोंडी कशाला सांगत बसता? दमलात. जा आता घरी,” सुनंदा म्हणाली, आणि मंजुळाबाईंनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

एवढंच झालं. भांडण नाही, टोमणा नाही. पोरगी हसूनच बोलली होती. खुर्ची पुढे ओढता ओढता, रिपोर्टचं पुस्तक स्वतःकडे वळवता वळवता, छातीशी टाचलेलं घड्याळ सवयीनं उलटं करून बघत. दोनला पाच मिनिटं कमी होती. वैशाखातली धुळ्याची दुपार, बाळंतिणींच्या वॉर्डातली वाळ्याची तट्टी सकाळी ओली केलेली ती केव्हाच कोरडी झालेली, बारा खाटांपैकी अकरा भरलेल्या. मंजुळाबाई एप्रन काढून, हात धुऊन टेबलापाशी आल्या होत्या त्या सात नंबरचं सांगायला. एका वाक्याचं काम होतं. ते जिभेवर आलेलंही होतं, ‘आधी साताचं पोट बघ.’ ते त्यांनी गिळलं, कोपऱ्यातली छत्री उचलली आणि “बरं गं,” म्हणून पायऱ्या उतरल्या.

सात नंबरला सोनगीरची बेबाबाई होती. वीस-एकवीस वर्षांची, दुसरं बाळंतपण. सकाळी साडेदहाला मोकळी झाली, मुलगा झाला, वार पूर्ण पडली. सव्वा वाजता मंजुळाबाईंनी आपल्या गोल अक्षरात ते सगळं पुस्तकात उतरवलं होतं : नाडी चौऱ्याऐंशी, अंगावरून जाणं बेताचं, गर्भाची पिशवी घट्ट. सव्वा वाजता त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. मग दोनला दहा कमी असताना त्या खाटांमधून निघाल्या आणि सातवरच्या बाईनं जांभई दिली. लगेच दुसरी. जांभईचं काय एवढं, रात्रभर कळा दिलेली बाई जांभई देणारच. पण झोपेच्या जांभईनं डोळे मिटतात. ही जांभई डोळे टक्क उघडे ठेवून येत होती, हवा पुरत नसल्यासारखी. “पानी दे व माय,” ती म्हणाली. उशाशी बसलेली सासू फिस्कारली, “आत्तेच तर दिधं! घडीघडी काय पानी पानी करस?” मंजुळाबाईंनी गोधडीखाली हात घातला. सासूनं जुन्या लुगड्याची पट्टी पोटाभोवती आवळून बांधली होती. नव्या पोरी अशी पट्टी दिसली की कात्री घेऊन धावत. मंजुळाबाई बांधू देत. बाईला बरं वाटतं, सासूला मान मिळाल्यासारखं होतं, आपलं काय जातं. पट्टीखाली त्यांनी बोटं सरकवली. बेंबीच्या खाली कच्च्या कवठासारखा कठीण गोळा लागायला हवा होता, तो लागला नाही. बेंबीच्या वर काहीतरी लागलं. मोठं, मऊ, भिजवून ठेवलेल्या कणकेसारखं, दाबलं तर बोट आत जाईल असं. खाली कपड्यावर काही फारसं नव्हतं. म्हणजे रक्त बाहेर येत नव्हतं, आतल्या आत साठत होतं. किंवा नव्हतंही. हातच तो, घाईत, पट्टीच्या आड लागलेला. सुनंदा आलीच आहे, तिला सांगू, दोघी मिळून बघू, असं मनाशी म्हणून त्या हात धुवायला गेल्या होत्या.

आता त्या छत्री उघडून रस्त्याला लागल्या होत्या आणि वाक्य पोटात होतं.

तोंडी रिपोर्ट मार्चमध्ये बंद झाला. तोवर पाळी बदलताना जाणारी बाई येणारीला घेऊन खाटेखाटेपाशी जायची आणि उभ्या उभ्या सगळं सांगायची. मुंबईहून नव्या मेट्रनबाई आल्या. त्यांनी एक दिवस काही न बोलता मागे उभं राहून वेळ मोजला, तर अकरा बाळंतिणींच्या रिपोर्टला पस्तीस मिनिटं लागली. खोटं कशाला बोला, त्यात तीन नंबरचा नवरा दुसरी करायच्या बेतात आहे आणि नऊ नंबरच्या डिंकाच्या लाडवांना नणंदेचे हात लागलेत, हेही होतं. आणि ते सांगणाऱ्या मंजुळाबाईच होत्या. “लिहा आणि जा,” मेट्रनबाई म्हणाल्या. “पुस्तकात नाही ते वॉर्डात नाही.” त्या दिवसापासून येणारी मुलगी टेबलाशी बसून वाचते, सही करते, मग उठते. चांगलीच पद्धत. मंजुळाबाईंनी ती वाईट आहे असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांच्या बरोबरीच्या लताबाई म्हणाल्या होत्या, “या पोरींना बाळंतीण दिसतच नाही, हो. कागद दिसतो. उद्या खाटेवर कागद निजवला तर त्याचीही नाडी बघतील.” सगळ्या जुन्या हसल्या होत्या. मंजुळाबाईही हसल्या, पण अर्धंच. कारण कागद हा एके काळी त्यांचा स्वतःचा दिमाख होता. आणि गेल्याच आठवड्यात नर्सेसच्या खोलीच्या दारात चपला काढताना आतून सुनंदाचा आवाज आला होता. ती कुणाची तरी नक्कल करत होती. पोटावर तळवा ठेवून, डोळे वर लावून, देवीचा संचार झाल्यासारखी. “थांबा गं पोरींनो, माझा हात काय म्हणतोय ऐकू द्या!” पोरी खिदळत होत्या. दारातच त्या दिसल्यावर सुनंदा जीभ चावून लाल झाली. “बाई, तुमची नव्हती हं, लताबाईंची करत होते.” “चांगली जमली,” मंजुळाबाई म्हणाल्या होत्या. जमली होतीच. तळवा कसा ठेवायचा ते पोरीनं बरोबर उचललं होतं, आणि लताबाई तसा ठेवत नाहीत.

रस्ता रिकामा होता. जिनिंगच्या भिंतीपाशी बाभळीच्या काट्यांवर कापसाचे पुंजके अडकलेले, ते हलतसुद्धा नव्हते. दुकानांच्या फळ्यांवर माणसं तोंडावर उपरणं टाकून पडली होती, आणि अशा झोपलेल्या माणसांच्या रांगेवरून जाताना मंजुळाबाईंना रोज काही वाटत नसे, आज वाटलं. कुणाचं पोट हलतंय, कुणाचं नाही, हे डोळे आपोआप बघायला लागले. दवाखान्यापासून चौथ्या गल्लीतल्या त्यांच्या खोलीपर्यंत वीस मिनिटांची वाट. अर्ध्या वाटेवर नळाशी त्या थांबल्या, ओंजळीनं पाणी प्यायल्या. पाणी कढत होतं. पुढे निंबाखाली थांबल्या. मग चपलेचा अंगठा सैल झालाय असं वाटलं म्हणून वाकल्या. तो सैल नव्हता. एक्केचाळीस वर्षं म्हणजे काही वय नव्हे, त्या स्वतःशी म्हणाल्या. सासरच्या आत्याबाई सत्तराव्या वर्षी दळत होत्या. मग ‘दमलात’ हे पोरीला कुठून दिसलं? पाठीवरून? पायांवरून? की ते बघावंच लागत नाही, जुन्या म्हटलं की दमलेल्याच? या मुलीला दोन वर्षांपूर्वी मंजुळाबाईंनीच शिकवलं होतं. पिशवी कुठे लागते, कशी चोळायची, इंजेक्शन कधी द्यायचं. मुलगी हुशार, हाताची हलकी, जरा नाकावर राग. आणि शिकवताना दर तुकडीला त्या एक गोष्ट सांगत, ती याही तुकडीला सांगितली होती : हातावर विसंबू नका. घड्याळ बघा, मोजा, लिहा. मी जळगावला होते तेव्हा एक जुनी बाई होती, भागाबाई नावाची. तिला आपल्या हाताचा फार अभिमान. आणि एक दिवस त्या हातानं तिला काहीच सांगितलं नाही, आणि बाळंतीण गेली.

पोरी वहीत लिहून घेत. सुनंदानंही घेतलं होतं, मान तिरकी करून.

सत्तेचाळीस साल. मंजुळाबाई तेव्हा मंजुळा होती, सिस्टर मंजुळा. चोविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं, सासरी भाकरी मोजून मिळायची ती सोडून नर्सिंगला गेलेली, आणि सर्टिफिकेट घेऊन एकतिसाव्या वर्षी जळगावला रुजू झालेली. सर्टिफिकेट तिनं पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या वर ठेवलं होतं, खाली नाही. त्या दवाखान्यात भागाबाई वीस वर्षांपासून होती. शिक्षण नाही, गावात दाईपणा करत आलेली, कुठल्याशा जुन्या डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलेली. कपाळावर रुपयाएवढं गोंदण, हातात गोठ, कुणालाही अगं-तुगं. ती बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून उभी राहायची आणि मंजुळा घड्याळ धरून. “किती आहेत ठोके?” “माले काय मोजता येस माय? मन्हा हात सांगस, पोरगी बरी शे.” “भागाबाई, हाताला काटे असतात का घड्याळासारखे?” डॉक्टर हसले, आया हसल्या, बाळंतीणसुद्धा हसली. भागाबाईही हसली होती. पण पुढे पुढे ती विचारल्याशिवाय बोलेनाशी झाली. विचारलं तरी म्हणायची, “तुन्हा पुस्तकमा काय लिखेल शे? तेच खरं.” मंजुळाला वाटलं, चला, म्हातारीला वळण लागलं.

आणि मग तो दिवस. अमळनेरकडची बाई, धडधाकट, सकाळी मोकळी झाली, दुपारी चारच्या आत गेली. त्या दिवसाचं मंजुळाबाईंना सगळं आठवत होतं. आठवलेलं नाही असं एकच होतं आणि ते आता, निंबाच्या झाडाच्या जरा पुढे, उन्हात, छत्रीच्या गोल सावलीत उभं राहिल्यावर समोर आलं. भागाबाईची पाळी बारालाच संपली होती. आणि ती घरी गेली नव्हती. व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मंजुळा एकदा औषधाच्या खोलीत गेली तेव्हा तिनं पाहिलं, परत येताना पाहिलं, तासाभरानं पाहिलं. पदर डोक्यावरून घेऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे टाकून, वॉर्डच्या दाराकडे तोंड करून. मंजुळाला वाटलं, कुणाची तरी वाट बघत असेल, नातू न्यायला येणार असेल, किंवा नुसतीच बसली असेल, जुन्या बायकांना घर नको असतं. “भागाबाई, ऊन उतरायची वाट बघता का?” असं काहीतरी ती जाता जाता म्हणालीसुद्धा. भागाबाईनं वर पाहिलं. मंजुळा पुढे गेली.

ती कुणाची वाट बघत होती?

मंजुळाबाईंनी मागे वळून पाहिलं. रस्ता होता तसाच, पांढरा, दवाखान्याच्या दिशेनं जाणारा, आणि त्यावर कुणीही नव्हतं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की नळाशीही त्यांनी असंच मागे पाहिलं होतं. निंबाखाली पाहिलं होतं. चपलेकडे वाकून, काखेखालून पाहिलं होतं. वीस मिनिटांची वाट, अर्धा तास होत आला तरी संपली नव्हती, कारण त्या चालतच नव्हत्या. त्या जीवरामची वाट बघत होत्या. वॉर्डातला शिपाई जीवराम, टोपी हातात घेऊन, धापा टाकत येईल आणि म्हणेल, ‘बाई, चला, सुनंदाबाईंनी बोलावलंय, सात नंबरचं बरं नाही, तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही.’ हे त्यांनी शब्दाशब्दांत ऐकून ठेवलं होतं. त्यावर आपण काय म्हणायचं तेही ठरलं होतं : काही म्हणायचं नाही, छत्री मिटायची आणि चालू लागायचं. पोरीच्या समोर जायचं, गोधडी बाजूला करायची, तळवा ठेवायचा. आणि पोरी बघत राहतील. यातलं काहीच त्यांनी मुद्दाम मनात आणलं नव्हतं. ते तिथे होतं, कुणी तरी आधीच मांडून ठेवल्यासारखं. पण जीवराम यायला हवा असेल तर त्याआधी सात नंबरचं बिघडायला हवं. चांगलं बिघडायला हवं. ओठ पांढरे पडायला हवेत.

छत्रीची दांडी ओली झाली होती. एवढ्या उन्हात अंगाला घाम नव्हता, तळहातांना मात्र सुटला होता. बायकांना वाचवता वाचवता आपण कुठे येऊन पोचलो, असलं काही त्यांच्या मनात आलं नाही. मनात आलं ते इतकंच की आता किती मिनिटं झाली. दोनला पाच कमी होती तेव्हापासून. मिनिटाला किती रक्त जातं ते त्यांनीच शिकवलं होतं पोरींना. मग त्या वळल्या आणि पळायला लागल्या. पांढऱ्या पातळातली, छत्री मिटून काखेत मारलेली, चाळिशी उलटलेली बाई भर दुपारी पळताना पाहून फळीवरचा एकजण उठून बसला. “काय व्हयनं वं सिस्टरबाई?” पळताना त्या काय म्हणत होत्या ते त्यांनाही उशिरा ऐकू आलं. त्या आकडे म्हणत होत्या. नाडी मोजतात तसे, एक, दोन, तीन, चार, आणि साठापर्यंत पोचल्या की परत एकपासून.

वॉर्डाच्या दारात पोचल्या तेव्हा सातपुढे हिरवा पडदा ओढलेला होता. पडद्याखालून डॉक्टरांचे बूट दिसत होते, आणि सुनंदाच्या पांढऱ्या चपला, त्यातली एक लाल. बादली होती. बादलीकडे त्यांनी बघितलं नाही. पडद्याबाहेर जमिनीवर सासू बसली होती, तिच्या मांडीत गोधडीची काळसर झालेली घडी. तिनं वर पाहिलं. “तू कोठे गयथी व बाई?” ती म्हणाली, रागानं नव्हे, खरोखरच विचारावं तसं. “तू हात लावा अन् चालनी गयी. मी म्हटलं, आते ही डाक्टरले बलायी लई. तू त गयीच.”

मंजुळाबाईंना कळलं की ही एकटी बाई साक्षीदार आहे. आणि हेही कळलं की हिचं कुणी ऐकणार नाही. ही म्हातारी आहे, सोनगीरची आहे, आणि हिनं पट्टी बांधली होती. पट्टी कात्रीनं कापून फरशीवर टाकलेली होती.

त्या पडद्याच्या आत शिरल्या. डॉक्टरांनी मान वर केली नाही. सुनंदाचा एक हात कोपरापर्यंत भरलेला, दुसरा मुठीसारखा पोटावर दाबलेला. ती दात आवळून, वरून खाली, वरून खाली चोळत होती, जशी शिकवली होती तशी, त्याहून चांगली. सलाईनची बाटली लटकत होती. बेबाबाईचा चेहरा उशीच्या रंगाचा. “बाई, आलात?” सुनंदा म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकं हायसं वाटलं की मंजुळाबाईंचे हात आपोआप पुढे झाले. पण पोटावर जागा नव्हती. “बाई, बाळाला घ्या जरा. केव्हाचं रडतंय.” पाळण्यातलं मूल खरंच रडत होतं. मंजुळाबाईंनी ते उचललं, खांद्याशी धरलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, लग्नघरात म्हाताऱ्या बायका उभ्या राहतात तशा. मूल त्यांच्या मानेशी तोंड घासत दूध शोधत राहिलं. त्या बघत राहिल्या. एकदा बेबाबाईचे डोळे पांढरे झाले आणि सुनंदानं तिच्या गालावर चापट मारली, “ए बेबा! बेबाबाई! इकडे बघ! मुलगा झालाय ना तुला? काय नाव ठेवायचंय? सांग!” आणि ओठ हलले, पण नाव ऐकू आलं नाही. मंजुळाबाईंच्या खांद्यावर ते नाव नसलेलं मूल अचानक गप्प झालं. त्या दोन-तीन मिनिटांत त्यांनी कुणालाच काही मागितलं नाही, देवालाही नाही. मागायला आपल्याला तोंड नाही हे त्यांना माहीत होतं.

साडेतीनला डॉक्टर हात धूत म्हणाले, “थांबलं. नाडी लागतेय. नवऱ्याचं रक्त जुळलं तर संध्याकाळी देऊ. पण बाई वाचली.” आणि सुनंदाकडे वळून, “तू दहा मिनिटं आणखी उशीर केला असतास ना...” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सुनंदानं मान खाली घातली. बाहेर हिलाल, बेबाबाईचा नवरा, भिंतीला टेकून उकिडवा बसलेला, बाही आधीच वर केलेली.

नर्सेसच्या खोलीत त्या दोघीच होत्या. सुनंदानं बेसिनमध्ये हात घासले, पुन्हा घासले, मग बाकावर बसली. आधी हसली, आणि मग रडली. मंजुळाबाई तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “चुकलं माझं, बाई,” सुनंदा म्हणाली. “पंचवीस मिनिटं मी तिला हातच लावला नाही. दुसरं कुणी लिहिलं असतं तर मी आधी उठून बघितलं असतं, खरंच. पण तुमचं अक्षर बघितलं ना, ‘पिशवी घट्ट’. म्हटलं, बाईंनी बघितलंय. बाईंनी बघितलं म्हणजे बघायला नको. मी बाकीच्यांच्या नाड्या मोजत बसले. सातपाशी गेले तर एकशे तीस.”

मंजुळाबाईंचा हात तिच्या पाठीवर थांबला.

“सुनंदा,” त्या म्हणाल्या. “मला कळलं होतं.”

“काय?”

“जायच्या आधी मी हात लावला होता. पिशवी सैल होती. मला कळलं होतं.”

सुनंदानं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग तिथे हळूहळू एक मऊपणा आला, आजारी माणसाशी बोलताना येतो तो. “असं का वाटून घेताय, बाई?” ती म्हणाली. “कळलं असतं तर तुम्ही गेला असतात का? तुम्ही? आमची आजीपण अशीच. काही झालं की मागाहून म्हणते, मला आधीच कळलं होतं. मनाला लावून घेतात मोठी माणसं.”

“नाही गं...”

“मी सांगू का? रागावणार नाही ना? इतकी वर्षं कार्बोलिकच्या पाण्यात हात घालून घालून बोटं बधिर होतात. होतातच. मेट्रनबाई त्या दिवशी म्हणत होत्या, चाळिशीनंतर हाताची जाण जाते. त्यात तुमचा काय दोष?” तिनं मंजुळाबाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, बोटांची टोकं चोळून बघितली, कुणी लहान मुलाची बघावीत तशी. “सव्वालाच ती सैल असणार. तुम्हाला ती घट्ट लागली, एवढंच. मी कुणाला नाही सांगणार, शप्पथ. पण यापुढे पोट बघायचं असलं ना, मला हाक मारत जा. लताबाईंना नको, मलाच. चालेल ना, बाई?”

बाहेर सासूचा आवाज येत होता. ती कुणाला तरी काही सांगत होती आणि कुणीतरी तिला “गप बैस वं म्हातारे” म्हणत होतं. खिडकीवर वाळ्याची तट्टी नव्हती, ऊन थेट आत येऊन बाकापर्यंत पोचलं होतं. मंजुळाबाईंना वाटलं, आता दुसऱ्यांदा सांगितलं तर ही ऐकेल. दुसऱ्यांदा म्हटलेलं कुणीही ऐकतं. हिचा हात माझ्या हातातून निघेल. ही उठेल, त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहील, आणि माझ्याकडे बघेल. तिथे उभी राहून ती काय बघेल ते त्यांना लख्ख दिसत होतं.

“हो गं,” त्या म्हणाल्या. “बधिरच झालेत. कितीतरी दिवस झाले.”

“बघा! मग सांगायचं नाही का?” सुनंदानं त्यांचा हात थोपटला. तिच्या आवाजातली धास्ती गेली होती. तिला कुणीतरी सांभाळायला मिळालं होतं.

आयाबाई चहा घेऊन आली. सुनंदाला कप होता. दुसरा कप सापडला नाही म्हणून तिनं ॲल्युमिनियमच्या पेल्यात ओतून आणला होता, काठोकाठ, नुकता उकळलेला, पदराचं टोक धरून. “जपा, बाई, भाजंल,” ती म्हणाली, आणि पेला बाकावर ठेवायला वाकली. सुनंदा बघत होती. मंजुळाबाईंनी हात पुढे केला आणि पेला आयाबाईच्या हातातून तसाच घेतला, पदर न लावता, चारी बोटं आणि अंगठा पुरता मिटून. कळ दंडापर्यंत गेली. त्यांनी पेला खाली ठेवला नाही, हात बदलला नाही, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

“भाजत नाही ना?” सुनंदानं विचारलं, दुःखानं.

“नाही,” मंजुळाबाई म्हणाल्या, आणि फुंकर न मारता पहिला घोट घेतला.